नवसाचे मांगूर

बाईंच्या फ्रीजमधून मी बर्फ घेतला तो एकदाच, राहायला गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. वरचं दार उघडलं तर एक अख्खं डोकं माझ्याकडं बघत होतं. माशाचं होतं, पण बघत होतं ते बघतच होतं. शेजारी आइस्क्रीमच्या जुन्या डब्यात आणखी चार-पाच. माझ्या हातातला ग्लास फुटला. बाई गाऊनवरच बाहेर आल्या, आधी काचा बघितल्या, मग मला बघितलं आणि म्हणाल्या, "घाबरू नकोस, मेलेली आहेत सगळी."

"ते दिसतंय मला. पण बाई, तुम्ही शाकाहारी ना? एजंट तर म्हणाला शुद्ध शाकाहारी घर आहे."

"मग? मी कुठं खातेय त्यांना?"

आता बोला. मी पिंपळगाव बसवंतची. घरी द्राक्षबाग, आई-आप्पा दोघंही माळकरी, अंड्याचं टरफलसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात माल तपासायची नोकरी लागली म्हणून गंगापूर रोडला आतल्या गल्लीत ह्या बाईंच्या वरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. आणि निघालं काय, तर बाईंनी सगळा जन्म कॉलेजात मत्स्यशास्त्र शिकवलेलं. निवृत्त झाल्या तरी मासे काही सुटले नव्हते. आयुष्यात त्यांनी हजारो मासे चिरले आणि एकाचीही चव घेतली नाही. मी कधीतरी विचारलं, तर म्हणाल्या, "जज्जानं शिक्षा सुनवायची असते, कैद्याला चाटून बघायचं नसतं."

लग्न केलेलं नव्हतं. त्याबद्दल छेडलं की म्हणायच्या, "माझं वय होतं तेव्हा मासेमारीबंदीचा काळ चालू होता."

त्यांच्या कानात पांढऱ्या, जाडसर, जरा वेड्यावाकड्या कुड्या असायच्या. मला वाटलं मोती. छान आहेत म्हणाले, तर बाई म्हणतात, "घोळ माशाच्या कानातले खडे आहेत. तिच्या कानातलं माझ्या कानात." मग त्यांनी समजावून सांगितलं, की माशाच्या डोक्यात असा खडा असतो, तो कापून भिंगाखाली धरला की झाडाच्या बुंध्यासारख्या रेघा दिसतात, आणि त्या मोजल्या की माशाचं वय कळतं. फ्रीजमधली डोकी त्यासाठीच होती. तळ्यात म्हातारी माणसं किती, तरणी किती, पोरंटोरं किती, हे कळल्याशिवाय जाळं टाकणं म्हणजे आंधळ्यानं कोयता फिरवणं, असं त्यांचं म्हणणं.

वय ओळखायचा हा नाद नुसत्या माशांवर थांबला असता तर माझं एक स्थळ वाचलं असतं. मला बघायला निफाडकडची मंडळी माझ्या खोलीवरच आली होती. आई पोहे करत होती, मी साडी सावरत बसले होते, आणि बाई न बोलावता वर आल्या. समोरच्या खुर्चीत बसून मुलाकडं टक लावून बघत राहिल्या. त्याची आई म्हणाली, "आमचा एकोणतिसाचा आहे." बाई म्हणाल्या, "नाही हो. छत्तीस. कमी तर नाहीच." मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मुलाचा चेहरा उतरला, मंडळी पोहे टाकून उठली. पुढं चौकशी केली तर छत्तीसच निघाला मेला. तरी आई कितीतरी दिवस बाईंशी बोलत नव्हती. खरं असलं म्हणून काय तोंडावर बोलायचं असतं, हा तिचा प्रश्न. बाईंना तो प्रश्नच कळत नव्हता.

बाजारात त्यांच्याबरोबर जायचं म्हणजे तोंड लपवायची वेळ. मासळी बाजारात त्या शिरल्या की विकणाऱ्या बायका एकमेकींना खुणावायच्या. घ्यायचं काही नाही, पण प्रत्येक पाटीपाशी थांबायचं, मासा उचलायचा, पोट दाबून बघायचं. आषाढातली गोष्ट आहे, एका गिऱ्हाइकानं मोठा रोहू निवडला होता. बाईंनी तो त्याच्या हातातून घेतला, विकणारीच्या विळीवर पोट उघडलं आणि अंड्यांचा गोळा त्याच्यापुढं धरला. "दिवस भरलेल्या बाईला घेऊन चाललात घरी. बाळंत तरी होऊ द्यायची होती." तो माणूस पिशवी टाकून गेला. विकणारीनं बाईंना हात जोडले, चहा मागवला आणि म्हणाली, "बाई, चहा घ्या आन् जावा. पाया पडते."

त्यांचं सगळं शास्त्र खरं म्हणजे एका वाक्यात होतं. माशाला एकदा तरी पोरं होऊ द्या, मग खा. हेच त्या रिक्षावाल्याला सांगायच्या, गॅस सिलेंडरवाल्याला सांगायच्या, आणि सोसायटीच्या लोकांना तर ऊठसूट सांगायच्या. सोसायटी म्हणजे मासेमारांची. त्र्यंबक रस्त्यावरून आत गेलं की एक लहानसं धरण आहे. त्याच्यावर पाच-पन्नास घरं मासे धरून जगतात. बाई त्यांच्या बिनपगारी सल्लागार. रविवारी स्कूटरवर मला मागं बसवून घेऊन जायच्या. पोचल्या की आधी वाळत घातलेल्या जाळ्यांत बोटं घालून बघायच्या. त्यांची तीन बोटं भोकातून आरपार गेली तर ठीक, नाहीतर ज्याचं जाळं त्याची खैर नाही.

ती माणसं त्यांचं ऐकायला लागली त्याचीही एक गोष्ट आहे. सोसायटीचे चेअरमन तात्या. पन्नाशी उलटलेले, मिशा पिळलेल्या, आवाज बसका. पूर्वी ह्या तात्यांसकट सगळे मच्छरदाणीच्या जाळ्यानं बोटाएवढी पिल्लंसुद्धा खरवडून काढायचे. पावसाळ्यात अंडी घालायला कडेला आलेले मासे काठीनं मारायचे. बाईंनी फळ्यावर आकृत्या काढल्या, कुणी बघितल्या नाहीत. मग एक दिवस तात्यांकडं जेवायला बसल्या. दही मागितलं. तात्यांच्या मालकिणीनं वाढलं. आणखी मागितलं. मग म्हणाल्या मडकंच आणा. आणि मी बघतेय, तात्या बघताहेत, सगळी पंगत बघतेय, ह्या बाईंनी अख्खं मडकं संपवलं. शेवटी बोट फिरवून चाटायला लागल्या तेव्हा तात्यांची बायको न राहवून म्हणाली, "अवो बाई, विरजणाला तरी ठेवा की. उद्या दही कशाचं लावू?"

"उद्याचं उद्या," बाई म्हणाल्या. "तुमचे मालक तळ्यात रोज हेच करतात. त्यांना कधी म्हणालात का, विरजणाला ठेवा?"

तात्या हातातला घास धरून बसले. त्या वर्षापासून धरणावर पावसाळ्यात जाळं पडलं नाही आणि मच्छरदाण्या पुन्हा खाटांवर गेल्या. बाई दोन दिवस पोट धरून झोपल्या होत्या, ते तात्यांना अजून माहीत नाही.

धरणाच्या वरच्या अंगाला एक छोटं तळं आहे, काठावर शेंदूर फासलेली देवी. श्रावणात त्या तळ्यात कटला-रोहूची नखाएवढी पोरं आणून सोडायची, दोन-तीन महिने खाऊ घालून बोटभर वाढवायची आणि मग मोठ्या पाण्यात सोडायची, असा बाईंनी घालून दिलेला क्रम. त्या पोरांवर सोसायटीचं पुढचं सगळं वर्ष उभं. आणि बाईंचा सगळा तोरा त्या तळ्याबद्दल. "माझ्या तळ्यातल्या माशाला हात लावायची कुणाची छाती नाही. देवाच्या कुंडात होईल चोरी, पण तिथं नाही," असं त्या कुणालाही ऐकवायच्या.

ते त्यांनी माझ्या आईलाही ऐकवलं, आणि तिथंच घात झाला.

त्या श्रावणात आप्पांच्या छातीत दुखायला लागलं. नाशिकला आणलं, तपासण्या झाल्या, बायपास करावी लागेल म्हणाले. आप्पा दवाखान्यात, आई माझ्याकडं. ती रात्रंदिवस जप करत बसायची. आमच्याकडं एक समजूत आहे, की माणसाचा जीव अडला की बाजारात मरायला ठेवलेले जीव विकत घेऊन पाण्यात सोडायचे. जिवाच्या बदल्यात जीव. आईनं अकरा मासे बोलले होते. गंगेवर, म्हणजे गोदेच्या घाटावर, सोडायला म्हणून गेली, तर तिथं तिनं डोळ्यांनी बघितलं, की लोक वर सोडताहेत आणि खालच्या घाटावर मुलं तेच धरताहेत. आई काही भोळी नाही. सोडलेला जीव जगला पाहिजे, नाहीतर नवस कसला? मग तिला बाईंचं बोलणं आठवलं. रिक्षा केली, मला न सांगता धरणावर गेली, आणि परत आली ती किती दिवसांनी हसत आली.

आम्ही खाली बाईंच्या ओट्यावर चहा घेत होतो. आईला वाटलं बाई खूश होतील. म्हणाली, "बाई, तुमच्या तळ्यात सोडले हो अकरा मासे. देवीपाशीच. लय नीट सोडले, एकेक हातानं."

बाईंची बशी तोंडापाशी थांबली. "कसले मासे, वहिनी?"

"जितेच घेतले. बाकी सगळे मेलेले होते पाटीत. ह्येच तेवढे टबात वळवळत होते. मिशावाले, काळे."

जिवंत विकला जातो तो मांगूर. हवा गिळून जगतो, म्हणून तासन् तास टबात टिकतो. आणि नवस बोललेल्या बाईला जिवंतच मासा हवा, म्हणून तिच्या पदरात तोच पडतो. हा परदेशी मांगूर, पाळायलाही बंदी असलेला, चोरून विकतात. कुठल्याही पाण्यात टाका, समोर येईल ते खातो, पाणी संपलं तर चिखलातून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो. हे सगळं बाईंनी मला नंतर सांगितलं. तेव्हा त्यांनी बशी खाली ठेवली, गाऊनवर ओढणी घेतली आणि स्कूटरला किक मारून निघून गेल्या. आई माझ्याकडं बघत राहिली. "काय झालं गं? मी काय वाईट केलं का?"

दुसऱ्या दिवशी तळं उपसायला काढलं. आई हट्टानं आली. ऑपरेशन उद्यावर आलं होतं आणि तिला तिचे मासे बघायचे होते. आधी ओढजाळ्यानं पोरं काढून धरणात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवली. काढतानाच तात्यांचा चेहरा पडला. "बाई, निम्मी बी नाय राहिली," ते म्हणाले. एवढ्या थोड्या वेळात. मग पाणी सोडलं आणि माणसं चिखलात हातानं चाचपायला लागली. पहिला मांगूर निघाला तो हाताएवढा जाड, पोट टम्म.

बाईंनी तो काठावर घेतला, डोक्यात दगड घातला आणि सुरीनं पोट उघडलं. मग त्यांनी आईचा हात धरला, तळहात उघडला आणि त्या पोटातली पिल्लं एकेक करून तिच्या हातावर ठेवली. अर्धवट विरघळलेली, चंदेरी, काहींचे डोळे तसेच. "हे बघा वहिनी. तुम्ही अकरा जीव वाचवले. त्यांनी काय केलं बघा. ही ह्या लोकांची भाकरी होती."

आई ओरडली नाही. हात तसाच पुढं धरून बसली. मग हळूच म्हणाली, "मला काय ठाऊक, बाई? पण आता नका मारू. ह्यांचा जीव बांधलाय त्यांच्यात. उद्या कापणार हायत ह्यांना."

चिखलातली माणसं थांबली. तात्यांच्या हातात दुसरा मांगूर होता, त्यांनी तो मारायला दगड उचलला होता. दगड खाली टाकला. "बाई, आता आमच्याच्यानं नाय व्हायचं हे."

"तात्या, वर्ष खाल्लंय त्यांनी तुमचं."

"खाल्लं तर खाल्लं. आमी उपास काढू. पर हे आता मासे नायत. त्या माउलीचं कुकू हाय ते."

मला वाटलं बाई आता भडकणार. आयुष्यभर जे शिकवलं ते पाच मिनिटांत पाण्यात. त्यांनी आईकडं बघितलं, तिच्या हाताकडं बघितलं. मग म्हणाल्या, "ड्रम आणा. दहा आहेत अजून. मारू नका, पण एक सुटता कामा नये." संध्याकाळपर्यंत दहाच्या दहा निघाले. टेम्पोतून घरी आणून बाईंनी ते मागच्या हौदात सोडले आणि वर लोखंडी जाळी टाकून कडी घातली. आई जाळीपाशी जाऊन हात जोडून आली. ज्या माशाला देशातल्या एकाही पाण्यात जागा नको म्हणून ही बाई जन्मभर भांडली, तो तिच्या हौदात, तिनं आणलेलं कोंबडीचं आतडं खात होता. माझा तर डोळ्यांवर विश्वास बसेना.

आप्पा ऑपरेशनमधून शुद्धीवर आलेच नाहीत.

पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत. आईला पिंपळगावला नेलं. ती रडली नाही, बोलली नाही, जेवली तर मुळीच नाही. घोटभर चहा, तोही मी तोंडाशी धरला तर. मोरीत बसायची आणि उजवा तळहात धुवायची. साबणानं, राखेनं, घासघास घासायची. वास जात नाही म्हणायची. दहावा झाला, तेरावा झाला, आई काडीसारखी झाली. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर ह्यांचंही अवघड आहे. मला बाप गेल्याचं दुःख करायला सवडच नव्हती, आई चाललेली दिसत होती.

खोलीवरून दोन कपडे आणायला मी नाशिकला गेले तेव्हा बाईंना सगळं सांगितलं, तळहाताचंही. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, मी येते. निघण्यापूर्वी आम्ही दोघींनी हौदाची जाळी उचलून माशांना खायला टाकलं. सगळे धडधाकट होते, पाण्याला उकळी आल्यासारखे उसळले. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

आई भिंतीला टेकून बसली होती, आजूबाजूला भावकीतल्या बायका. बाईंना बघून तिनं तो हात पदराखाली घेतला. मग म्हणाली, "तुमी दाखवलंत म्हणून कळलं, बाई. नायतर कळलंबी नसतं. इवले इवले जीव. त्यांचाच तळतळाट लागला ह्यांना. मीच मारलं ह्यांना माझ्या हातानं."

"नाही वहिनी," बाई म्हणाल्या. "त्या पिल्लांचा काही संबंध नाही. तुमचा नवस बरोबर होता. मीच तो मोडला."

आईनं वर बघितलं.

"ते दहा मासे मी मारले. आणले त्याच संध्याकाळी, तुम्ही दवाखान्यात गेल्यावर. ऑपरेशनच्या आधी."

मी तोंड उघडलं तर बाईंनी माझ्याकडं असं बघितलं, की मी ते मिटून घेतलं.

"हौदात ठेवते म्हणाला होतात," आई म्हणाली.

"म्हणाले होते. ठेवले नाहीत."

किती दिवस धरून उठवावी लागणारी माझी आई एकटी उठली. भिंतीचासुद्धा आधार घेतला नाही. "कैदाशिणी," ती म्हणाली, "माझं कुकू पुसलंस तू. नीघ माझ्या घरातनं. तुझं वाटोळं होईल. तुला पाणी पाजायला कुणी राहणार नाही." बायकांनी तिला धरलं. बाई मान खाली घालून सगळं ऐकून घेत राहिल्या, मग चपला घालून बाहेर पडल्या.

मी धावत हायवेच्या स्टॉपपर्यंत गेले. "बाई, खोटं का बोललात? ज्या बाईनं माझ्या स्थळाचं वय चारचौघांत सांगितलं, ती तुम्ही?"

कांद्याचे टेम्पो जात होते, त्यांचा आवाज संपेपर्यंत त्या थांबल्या. "ती पिल्लं तिच्या हातावर मीच ठेवली ना? वर्गात दाखवतात तशी. उद्या जिच्या नवऱ्याची छाती उघडणार, ती बाई काय वर्गात बसली होती?" त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच बघत होते. "तिला कुणावर तरी चिडू दे. स्वतःवर नको. आणि तू तिला काही सांगायचं नाहीस." एस.टी. आली. पायरीवर उभं राहून म्हणाल्या, "घरी गेल्यावर आधी ते खरं करते. खोटं तसंच ठेवून मला झोप लागायची नाही." पुढं मी गेले तेव्हा हौद कोरडा होता.

त्या दिवशी घरी परतले तर आई चुलीपुढं बसलेली. काकूनं ताट वाढलं होतं. आई बाईंच्या सात पिढ्या काढत होती आणि जेवत होती. एकेक शिवी, एकेक घास. मी दारातच खाली बसले आणि मला हुंदका आवरेना.

गेल्या वर्षी बाई गेल्या. झोपेतच. अमरधामला तात्या आणि सोसायटीची झाडून सगळी माणसं होती, तोंडात पाणी तात्यांनीच घातलं. आईला मी सांगितलेलं नाही. परवा पिंपळगावला गेले होते. दोघी ताटावर बसलो, आणि पहिल्या घासाआधी तिनं विचारलंच, "हाय का ती कैदाशीण अजून?"

"आहे," मी म्हणाले. "चांगली ठणठणीत आहे."

"असणारच. असल्यांना काय धाड भरतीय," आई म्हणाली आणि तिनं भाकरीचा तुकडा मोडला.